बादलीचे तोंड, बादलीचे बूड



चौदा एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमधून एक दृश्य हमखास दिसते. एखादा पोरगा भिंतीवर किंवा ताणलेल्या कापडावर बाबासाहेबांचे चित्र काढीत असतो. फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखलेले असतात, तेवढेच चौकोन कापडावर मोठे करून आखलेले असतात आणि एकेका चौकोनातली रेघ तो इमानेइतबारे तिकडे नेत असतो. चष्मा जमतो, कपाळ जमते, कोटाची कॉलर जमते. येणारे-जाणारे थांबतात आणि म्हणतात, पोराच्या हातात कला आहे. बारामतीत आम्ही हे पाहिले, इंदापुरातही पाहिले, आणि तुमच्या गल्लीतही हे होत असणार.

आता त्याच पोरासमोर पाण्याची एक बादली ठेवा आणि सांगा, हिच्याकडे बघून काढ. शंभरातल्या नव्वद वेळा ती बादली कागदावर कलंडते.

असे का व्हावे? फोटो हा आधीच सपाट झालेला असतो. खोलीचा प्रश्न कॅमेऱ्याने सोडवून दिलेला असतो आणि पोराला फक्त सपाटावरून सपाटावर रेघ न्यायची असते. बादली मात्र समोर उभी आहे, तिला पुढची बाजू आहे, मागची बाजू आहे, पोट आहे. तिला सपाट करण्याचे काम आता ज्याचे त्याला करायचे आहे. ते काम कुणी शिकवल्याशिवाय, आणि चुकल्यावर कुणी दाखवल्याशिवाय, येत नाही. आज आम्ही याच कामाविषयी लिहिणार आहोत, कारण यावरून एका घरात रडारड झाली आणि ती आम्ही डोळ्यांनी पाहिली.

आमच्या नात्यातली एक मुलगी बारामतीत आठवीत शिकते. वडील गवंडीकाम करतात, मूळ गाव इंदापूर तालुक्यातले. वस्तीत तिचे नाव चित्रकार म्हणूनच आहे. रांगोळी तिची, जयंतीचे फलक तिचे. तिने चित्रकलेच्या एलिमेंटरी ग्रेड परीक्षेला बसायचे ठरवले. सरावासाठी वस्तुचित्राचा कागद काढून दिला, तो लाल शाईची फुली मारून परत आला. फुलीखाली एक शब्द नाही. तोंडी एवढेच सांगितले गेले की तुझ्या हातात ते नाही, तू रांगोळीच काढ. कुणी सांगितले ते इथे महत्त्वाचे नाही. मुलीने घरी येऊन फॉर्म फाडायला काढला. आई म्हणाली, "राहू दे, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय!" आणि आम्ही नेमके त्याच संध्याकाळी तिथे चहाला गेलो होतो.

हातात नाही, रक्तात नाही, असली वाक्ये ऐकली की आम्ही सावध होतो. अमक्याच्या रक्तात विद्या आहे आणि तमक्याच्या नाही, असे म्हणत आपल्या आज्यापणज्यांना किती पिढ्या शाळेच्या दाराबाहेर बसवले ते आपल्याला नव्याने सांगायला नको. तेव्हा आम्ही म्हणालो, फॉर्म ठेव बाजूला, आधी तो कागद दाखव.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या परीक्षा महाराष्ट्र शासनाचे कला संचालनालय घेते. पहिली एलिमेंटरी, दुसरी इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे त्यात कागद असतात. इंटरमिजिएटच्या भूमितीत घनभूमितीही येते. इंटरमिजिएटला मिळालेल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए श्रेणीला ७, बी श्रेणीला ५ आणि सी श्रेणीला ३. पुष्कळ पालक मुलांना या गुणांसाठीच बसवतात. बसवा, आमची तक्रार नाही. पण मुलगी ज्या ठिकाणी अडली होती ते ठिकाण गुणांपेक्षा मोठे आहे.

कागदावर एक बादली आणि तिच्या शेजारी एक खोके होते. बादलीचे तोंड तिने जवळजवळ पूर्ण गोल काढले होते आणि बूड मात्र सरळ आडवी रेघ. आम्ही विचारले, असे का? ती म्हणाली, "तोंड गोल असतं ना. आणि बूड जमिनीवर टेकलेलं असतं, म्हणून सरळ." दोन्ही उत्तरे खरी आहेत. तोंड गोलच आहे आणि बूड टेकलेलेच आहे. पण तिने डोळ्याला दिसले ते काढले नव्हते, मनाला माहीत होते ते काढले होते. तोंड वरून पाहिल्यासारखे आणि बूड जमिनीला गाल लावून पाहिल्यासारखे. एकाच बादलीला दोन ठिकाणांहून बघितले, म्हणून ती कलंडली. आमच्या मते या सगळ्या विद्येतली निम्मी अडचण हीच आहे. हात वाईट नसतो, माहिती मध्ये येते.

एवढ्यात तिचे वडील कामावरून आले. हातपाय धुऊन कागदाकडे बघत उभे राहिले. त्यांना चित्रातले काही कळत नाही असे ते स्वतःच म्हणतात. मुलीने विचारले, "पप्पा, तुम्हाला काय वाटतं?" ते काही बोलले नाहीत. तिला घेऊन बाहेर गल्लीत गेले. तिथे शेजारच्या घराची लांबलचक भिंत आहे, अजून प्लास्टर न झालेली, विटांचे थर उघडे. म्हणाले, "भिंतीला खेटून उभी ऱ्हा आन लांबवर बघ. डोक्याच्या वरचे थर कुठं चाललेत?"

"खाली येतायत."

"आन पायाजवळचे?"

"वर चाललेत."

"आन मधला?"

मधला एक थर सरळ होता, ना वर ना खाली. वडील म्हणाले, "तो तुझ्या डोळ्याच्या लेवलला हाय. आता खाली बस." ती बसली. आता दुसराच, खालचा थर सरळ झाला आणि मघाचा सरळ थर खाली उतरू लागला. पोरीचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता. थर पाणसळीत लावलेले आहेत, एक दोरीभर इकडे-तिकडे नाही, हे वडिलांना पक्के ठाऊक. तरीही डोळ्याला ते तिरके दिसतात आणि सगळे लांब एका ठिकाणी जाऊन मिळतात. ज्याला पुस्तकात यथार्थदर्शन म्हणतात ते हेच. जो थर सरळ दिसतो ती नेत्रपातळी आणि जिथे सगळे थर जाऊन मिळतात तो लोपबिंदू. कामावरची ही माणसे आयुष्यभर हे बघत असतात, त्याला नाव आहे हे फक्त त्यांना कुणी सांगितलेले नसते.

मग बादली बाहेर आणली. वडिलांनी ती दोन्ही हातांनी मुलीच्या डोळ्यासमोर धरली. तोंडाची कड बरोबर डोळ्याच्या रेषेत आली तेव्हा तोंड दिसेनाच, नुसती एक आडवी रेघ. बादली हळूहळू खाली नेली तसे तोंड उघडू लागले, आधी चपटे, मग फुगीर. याला लंबवर्तुळ म्हणतात. नेत्रपातळीपासून जितके खाली जावे तितके ते फुगत जाते. म्हणजे जमिनीवरच्या बादलीचे बूड तोंडापेक्षा अरुंद असले तरी त्याचे वर्तुळ तोंडापेक्षा जास्त फुगीर काढायला हवे. सरळ रेघ तर नाहीच नाही. आणि लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कोपरे नसतात, ती वळतात. मुले तिथे माशाच्या शेपटीसारखे टोक काढतात, बहुतेक सगळीच काढतात, आम्हीही काढीत होतो.

बूड नीट बसले की नाही ते कळण्यासाठी एक जुनी युक्ती आहे. बादली काचेची आहे असे समजायचे आणि मागची न दिसणारी कडही फिक्या रेघेने पुरी करायची. खोक्याचेही तसेच, मागचे कोपरेसुद्धा काढायचे. शाळेच्या भूमितीत खोक्याला इष्टिकाचिती म्हणतात, म्हणजे विटेच्या आकाराची. गवंड्याच्या मुलीला वीट काय सांगायची! काचेची वीट काढली की मागचा कोपरा हवेत लोंबकळतो आहे का ते लगेच दिसते. उभ्या कडांसाठी वडिलांनी ओळंबा दिला. तो खिळ्याला टांगला आणि त्याच्या दोरीशी खोक्याच्या कडा ताडून पाहिल्या.

त्या रात्री तिने तीन बादल्या काढल्या. तिन्ही बऱ्या, पण तिन्ही उंच. खरी बादली बुटकी आणि कागदावर मात्र पिंपासारखी. पेन्सिलीने माप घ्यायला सांगितले: हात ताठ, कोपरा वाकवायचा नाही, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून तोंडाची रुंदी घ्यायची आणि तीच उंचीवर किती वेळा बसते ते बघायचे. माप बरोबर घेतले, तरी चित्र उंचच येई. दोन दिवस आम्हालाही उलगडा होईना. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की ती कागद जमिनीवर ठेवून, त्यावर वाकून काढते आहे. आपल्या घरात टेबल कुठे असते? जमिनीवरचा कागद डोळ्याला तिरका दिसतो, त्याची पलीकडची बाजू आखूड भासते, म्हणून हात नकळत ती लांबवतो. जेवणाचा पाट गुडघ्यावर टेकवून उभा केला, त्यावर कागद लावला आणि बादली आपोआप बुटकी झाली. लाल फुली मारणाऱ्याने एकदा वाकून बघितले असते तर एका मिनिटात हे सांगता आले असते.

आता या अभ्यासात घरच्यांनी काय करायचे ते सांगतो, कारण बहुतेक घरांत चित्रकलेचा क्लास परवडत नाही आणि घरात शिकवणारा कुणी नसतो. आत्या आली, म्हणाली, "छान काढलंय गं." या "छान"चा उपयोग शून्य. कागदाला ना त्यातून काही मिळाले ना पोरीला. आजी मात्र चष्मा लावून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आगं, ह्या बादलीत पानी ऱ्हाईल का? डाव्या अंगाला कलंडलीया." आजीला वाचता येत नाही. पण आयुष्यभर पाणी भरले आहे. त्या आठवड्यातला सर्वांत कामाचा शेरा तिचा होता. मुलीने कागद उलटा धरून पाहिला, मग आरशात पाहिला, आणि खरेच, डावी बाजू उतरलेली. आपल्याच चुकीला डोळा सरावतो. आरसा ती चूक परक्याच्या नजरेने दाखवतो. हा आरसा फार जुना जोडीदार आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या फ्लॉरेन्स गावी ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिराने यथार्थदर्शनाचा प्रयोग करून दाखवला, तेव्हा त्यानेही चित्राला भोक पाडून समोर आरसाच धरला होता. तो मुळात सोनारकाम शिकलेला, पुढे इमारती बांधणारा झाला. १४३५ साली आल्बेर्ती याने ही रीत ग्रंथात मांडली. म्हणजे ही विद्यासुद्धा आधी हातकामाच्या माणसाकडून आली आणि पोथीत नंतर गेली.

तर घरच्यांनी "छान" म्हणू नये आणि "वाईट"ही म्हणू नये. काय खटकते ते एकच सांगावे. पाच चुका एकदम सांगितल्या तर पोर पेन्सिल टाकून उठते. आणि चूक कळल्यावर नवीन वस्तू घेऊ नये, तीच बादली, त्याच जागी, पुन्हा काढावी. प्रत्येक कागदावर तारीख घालावी. कागद विकत घ्यायचे नाहीत. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पाने, लग्नपत्रिकांची मागची बाजू, प्रचाराची पत्रके, सगळे चालते. निवडणुकीच्या वर्षात तर पाठकोऱ्या कागदाला तोटाच नसतो.

महिनाभराने ते कुटुंब गावी निघाले तेव्हा आम्हीही सोबत होतो. बारामती शहरातून नीरा डावा कालवा जातो, तो तिने जन्मापासून पाहिलेला. पण त्या दिवशी ती कालव्याच्या पुलावर थांबली. कालवा जिथे सरळ धावतो तिथे त्याचे दोन्ही काठ लांब जाऊन एकमेकांना मिळत होते. "ही तर आपली भिंत," ती म्हणाली. पुढे एस.टी.त बसलो. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करीत गाडी इंदापूरकडे चालली होती. खिडकीतून विजेचे खांब दिसत होते. खांब सारख्या अंतरावर रोवलेले, पण लांबचे दाटीने उभे दिसतात. ते किती दाट काढायचे, अंदाजानेच? अंदाजाची गरज नाही. पहिला आणि दुसरा खांब काढा. सगळ्या शेंड्यांना जोडणारी एक रेघ आणि बुडांना जोडणारी एक रेघ लोपबिंदूकडे न्या. मग पहिल्या खांबाच्या शेंड्यापासून दुसऱ्या खांबाच्या बरोबर मध्यातून रेघ ओढा; ती खालच्या रेघेला जिथे मिळेल तिथे तिसरा खांब. दुसऱ्याच्या शेंड्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून, तिथे चौथा. हे वडिलांना इतके आवडले की त्यांनी तिकिटाच्या मागे स्वतः काढून बघितले.

परत येताना भिगवणकडे उजनीच्या पाण्यावर गेलो. थंडीत इथे रोहित पक्षी येतात आणि बघ्यांची गर्दी असते. आम्ही होड्या बघत बसलो. जवळची होडी कागदावर खाली येते आणि लांबची वर सरकते, पाण्याच्या पलीकडच्या रेघेच्या जवळ. त्या रेघेच्या वर मात्र एकही होडी चढत नाही. मुलीने चढवली होती, तिची तिनेच खोडली. आम्ही काही बोललो नव्हतो.

आईचा प्रश्न अजून शिल्लक आहे, चित्रे काढून पोट भरते का. इंदापूर तालुक्यातच वालचंदनगर आहे, तिथे साखर कारखान्यांची आणि इतर अवजड यंत्रे बनतात. अशा ठिकाणी फिटरला जो कागद हातात मिळतो त्यावर वस्तूचे चित्र नसते. समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूने कशी, असे वेगवेगळे देखावे असतात. आपल्याकडे वरचा देखावा समोरच्या देखाव्याच्या खाली काढायची रीत आहे. हे तिन्ही मनात जोडून अख्खी वस्तू उभी करता आली पाहिजे. आय.टी.आय.ला गेलेली आपली मुले मशीनवर अडत नाहीत, ड्रॉइंगच्या तासाला अडतात, असे आम्ही पाहिले आहे. इंटरमिजिएटची घनभूमिती म्हणजे त्याचीच पहिली पायरी. साबणाची वडी घ्या, एका कोपऱ्यातून सुरीने तुकडा काढा आणि तिन्ही बाजूंनी काढायला मुलाला बसवा. मग वडी लपवा आणि ते तीन देखावे दुसऱ्या भावंडाला देऊन म्हणा, आता ही वडी कशी होती ते काढून दाखव. घरात तासभर शांतता राहील.

आपल्यापैकी बरेच जण सहलीला कार्ल्याच्या लेण्याला जातात. पुढच्या वेळी मुलांना वही घेऊन जा म्हणावे. चैत्यगृहाच्या दारात उभे राहिले की दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा आत स्तूपाकडे धावतात. आत एकूण ३७ खांब आहेत. आधी उभे राहून काढा, मग बसून काढा. दोन चित्रे किती वेगळी होतात ते बघा. आणि स्तूप तर घनाकृतींचा धडाच आहे: खाली दंडगोल, त्यावर अर्धा गोल, त्यावर चौकोनी हर्मिका. ज्याला बादली आली त्याला स्तूपाचा दंडगोल आला. अजिंठ्याला गेलात तर मात्र दुसरीच गंमत दिसेल. तिथल्या चित्रांतले खडक ठोकळे रचल्यासारखे आहेत, ते आत जात नाहीत, आपल्या अंगावर पुढे येतात, आणि एका चित्रातले मंडप वेगवेगळ्या जागांहून बघितलेले असतात. भिंतीच्या कडेने चालत कथा बघायची, तर एकाच जागी खिळून का काढावे? ते चुकलेले यथार्थदर्शन नव्हे, ती दुसरी रीत आहे. परीक्षेत मात्र एकाच जागेवरून काढा, नाहीतर पुन्हा लाल फुली यायची.

छायाप्रकाशाचे स्वतंत्रपणे लिहावे लागेल. तोवर एवढेच की घरातले बाकी सगळे दिवे बंद करून एकच दिवा ठेवावा आणि बोटाने शिसे पसरू नये, चेंडू काजळलेल्या बटाट्यासारखा दिसतो.

मुलीने फॉर्म भरला आणि परीक्षा दिली. सी श्रेणी मिळाली. तिला बी ची आशा होती, म्हणून दोन दिवस गप्प होती. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा दाराशी पाट गुडघ्यावर घेऊन बसलेली, समोर तीच बादली आणि या वेळी तिच्यात आडवा टाकलेला तांब्या. कागदावर तारीख आणि आकडा घातलेला होता, ६३. तांब्याचे तोंड तिरके कसे फिरवायचे ते तिला जमत नव्हते, आम्हालाही चटकन सांगता येईना. तेवढ्यात नळाला पाणी आले आणि आई बादली उचलून घेऊन गेली.